डोंग्यातला खोटा उपास

तेलीबांध्याच्या स्टेशनात छोटी लाईन (अरुंद रुळांवरची गाडी) उभी होती आणि आमच्या ह्यांच्या खांद्यावर गळाच्या दोन लांब बांबूकाठ्या. डब्यात चढताना त्यातली एक कोणा बाईच्या पदरात अडकली.

"भैया, ये क्या खंबा लेकर चढ़ रहे हो?"

"मछली पकड़ने जा रहे हैं, दीदी."

"पहले मेरा पल्लू छोड़ो, फिर मछली पकड़ना!"

सगळा डबा हसला. प्रवास असा हसत सुरू झाला हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे हसण्यासारखं फार नाही. आणि माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा लिहिण्यात काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. वागण्यात चुकलं ते मात्र सांभाळून घेऊ नका.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळ्याच्या तोंडाचा मोसम. चौबे कॉलोनीत आमच्या फाटकावर रोज कोणी ना कोणी खोली भाड्यानं मागायला येई. ह्यांची रेल्वेतली नोकरी नुकतीच संपली होती. दिवसभर घरात बसून हे माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागले, तूरडाळ, चनाडाळ, तेव्हा मीच म्हटलं, अहो, कुठं तरी जाऊन या. तर म्हणाले, "मले गंगरेलच्या धरणावर जाऊन डोंग्यातून (होडीतून) गळ टाकायचा आहे." जन्मभर ह्यांनी तलावाच्या काठावरून लहान मासे काढले. धरणाच्या खोल पाण्यातला मोठा रोहू राहून गेला होता. धमतरीला ह्यांचे नोकरीतले एक जुने सोबती राहतात. त्यांनी कळवलं, बिसाहू केंवट म्हणून माणूस आहे, तो नेतो. मी म्हटलं, मीही येते. मासे मी रोज साफ करते, पण पाण्यातून वर येताना एकही पाहिला नव्हता.

गाडी इतकी सावकाश, की पोरं उतरून शेतातली बोरं तोडत आणि पुन्हा चढत. अभनपूरला भजी खाल्ली, हिरव्या मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं. होळी होऊन आठवडा झाला होता. पळसाची फुलं संपत आली होती आणि झाडाखाली टोपल्या घेऊन बायका मोहाची फुलं वेचत होत्या. तो गोडसर, जरा आंबूस वास डब्यात शिरला की हे डोळे मिटून घेत. संध्याकाळी धमतरीला उतरलो, सोबत्यांकडे मुक्काम केला आणि भल्या पहाटे जीपनं धरण गाठलं.

पाणी पाहिलं आणि मी बोलायची थांबले, म्हणजे बघा. समोरचा काठ दिसत नव्हता. पाणी उतरलं होतं, त्यामुळे काठाची ओली माती रुंद पसरलेली आणि मधूनमधून बुडालेल्या झाडांचे काळे शेंडे वर आलेले. केंवटपाऱ्यात (कोळ्यांच्या वस्तीत) बिसाहूचं घर पहिलंच. तो दारात गळाला लावायची कणीक मळत बसला होता, तिळाची पेंड घालून. इतका खमंग वास, की मलाच भूक लागली.

त्याची बायको सुखबती लोट्यात पाणी घेऊन आली. आल्या पाहुण्याला आधी पाण्याचा लोटा द्यायचा, ही इकडची रीत. हातपाय धुतले. मग तिनं काशाच्या वाटीत बासी (रात्रीचा भात पाण्यात घातलेला) आणली, वर कांदा, बाजूला टमाट्याची चटणी. "बासी खा ले दाई," म्हणाली. दाई म्हणजे आई.

आता खरं लिहिते. बासी शिळी म्हणून मी हात मागे घेतला नाही. रात्रीचा भात आम्हीही खातो. मी हात मागे घेतला तो कोणाच्या घरचा म्हणून. आमच्या गल्लीत मासे विकायला केंवटीण येते, तिच्या टोपलीतला मासा मी दहा वेळा उलटापालटा करून घेते, आणि तिला पाणी द्यायचा पेला आमच्याकडे वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला असे. सासूबाईंनी ठेवला, त्या गेल्या, मी तो तसाच ठेवला. त्यांच्या हातचा मासा चालतो, त्यांच्या हातचा भात चालत नाही, हे मला कधी विचित्रसुद्धा वाटलं नव्हतं.

आणि आम्हा मराठी बायकांकडे अशा वेळी एक हुकमी शब्द असतो. मी म्हटलं, "आज मेरा उपवास है, बहन. संकष्टी. हमारी चतुर्थी." इथल्या लोकांना आपल्या तिथ्या कुठं ठाऊक, असं मी धरून चालले. लग्नाघरी, शेजाऱ्यांकडे कितीदा तरी ते खपून गेलं होतं.

ह्यांनी वर पाहिलं. स्वतःची वाटी घेतली आणि आवाज करत बासी खाऊ लागले.

सुखबतीनं माझी वाटी लगेच मागे घेतली, पदराचं टोक धरून माझ्या पाया पडली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "दाई उपासिन हे."

बिसाहूचे हात कणकेत थांबले. त्यानं गळाच्या दोऱ्या गुंडाळल्या आणि वळचणीला खोचल्या. हे घाबरले. "क्या हुआ भैया?"

"जेन दिन उपासिन दुआरी म आथे, तेन दिन हमर घर जीव नइ मारन." म्हणजे, ज्या दिवशी उपासाची बाई दाराशी येते, त्या दिवशी आमच्या घरी जीव मारत नाही. त्याच्या बापापासूनचा नेम. मी म्हटलं, मी काठावर बसते, तुम्ही दोघं जा. तो मान हलवून हसला. दाराशी आलीस न दाई, आता काठ काय आणि डोंगा काय. इतक्या दुरून आलात, पाणी तरी फिरवून आणतो.

असे आम्ही डोंग्यात बसलो, गळाशिवाय. बिसाहू वल्हवत होता, मोडक्या हिंदीत बोलत होता. संध्याकाळी सगा (सोयरे) येणार होते, मुलीला पाहायला. रमशीला एकुलती एक. दोन ठिकाणी बोलणी मोडली होती, हे तिसरं.

"वो पेड़ दिखता है, साहब?" त्यानं एका बुडालेल्या अर्जुनाकडे वल्हं दाखवलं. "आठ दिन से उधर चारा डाल रहा हूँ."

रोज संध्याकाळी तो त्या झाडाशी कणकेचे गोळे सोडत होता, मोठा रोहू तिथं सवयीनं यावा म्हणून. आज पहाटे ह्यांच्या हातून एक आणि संध्याकाळच्या सोयऱ्यांसाठी स्वतःच्या हातून एक काढायचा, असा बेत. जवळ गेलो तर पाण्यात जाडजूड पाठी वळत होत्या. एकानं शेपूट आपटलं, तांबूस खवले चमकले आणि गार शिंतोडे माझ्या तोंडावर आले. बिसाहू वल्हं मांडीवर ठेवून नुसता बघत राहिला.

हे माझ्याकडे झुकले. "आता तरी सांग न."

"तुमीच सांगा न."

"मी काहून सांगू? खोटं तू बोलली."

"माणूस काय म्हणंल?"

"काय म्हणायचं ते म्हणंल. त्याच्या पोट्टीचा सवाल आहे."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. बिसाहू म्हणाला, "प्यास लगी क्या दाई? पानी तो उपास में चलता है न?" आणि मी म्हटलं, "हव, चलता है," आणि माझ्या पिशवीतून माझीच बाटली काढून पाणी प्यायले. त्या पाण्याची चव मी कोणाला सांगू शकत नाही.

परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. सुखबती अंगणात बसली होती. समोर पळसाच्या पानावर उकडलेली रताळी आणि दुधाचा पेला. रताळी तिनं पलीकडच्या पाऱ्यातून मागून आणली होती. चुलीवर एक लालभडक, कोरं मडकं दिसत होतं. "नवा हंडी म उसने हंव दाई, तुमन बर," ती म्हणाली. तुमच्यासाठी नव्या मडक्यात उकडली. संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी आणलेलं ते मडकं होतं. उपासाला विटाळलेलं भांडं नको, म्हणून तिनं ते आधी माझ्यासाठी चुलीवर चढवलं होतं.

मी एक रताळं सोललं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं पानावर ठेवलं.

"बहन, मेरा उपवास नहीं था," मी म्हटलं. "मैं झूठ बोली."

ती माझ्या पानावरच्या माश्या हाकत होती, हात थांबला नाही. "चउथ त चार दिन पहिली निकल गे दाई. आज आठे ए." चतुर्थी चार दिवसांपूर्वीच झाली, आज अष्टमी.

"मालूम था?"

"पानी म रहिथन दाई, चंदा ल रोज देखथन." पाण्यात राहतो, चंद्र रोज बघतो.

"तर मग..." माझी हिंदी संपली. "तर मग गळ काहून ठेवला?"

उत्तर बिसाहूनं दिलं. "तुमन अपन मुंह ले उपास कहेव, त उपास होगे." तुम्ही तोंडानं म्हणालात उपास, म्हणजे उपास झाला.

हे घाईनं उठले. धमतरीच्या बाजारातून मोठा रोहू आणून देतो, जीप आहेच, तासाभरात येतो, असं म्हणाले. तेव्हा मात्र सुखबती तडकली. "केंवट घर के सगा बजार के मछरी खाही?" केंवटाच्या घरचे सोयरे विकतचा मासा खाणार? "भाजी खवाबो. कहिबो, रायपुर ले बड़े घर के दाई आए रिहिस." भाजीच खाऊ घालू, सांगू की रायपूरहून मोठ्या घरची दाई आली होती.

दाराआड रमशीला उभी होती, हे मला तेव्हा दिसलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या मडक्याकडे बघत होती. आम्ही निघालो तेव्हा सुखबती फाटकापर्यंत आली, रमशीला आली नाही. मी तिला हाक मारायला हवी होती. मारली नाही.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी आणि मी समोर. काठ्या बाकाखाली. रायपूर येईपर्यंत हे एकदाच बोलले, "जागा चांगली होती." घरी दार उघडलं सुनेनं. "मछली मिली क्या, मम्मीजी?" मी म्हटलं, नाही मिळाली, माझ्यामुळे नाही मिळाली, आणि चपला काढायच्या आधी तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी खिडकीतला पेला मी बाकीच्या पेल्यांत मिसळला. आता तो कोणता, माझा मलाही ओळखू येत नाही. पण असला पेला मिसळून गंगरेलच्या त्या अंगणात काही फरक पडत नाही, एवढं मला कळतं.

ते लग्न जमलं की मोडलं, मला ठाऊक नाही. धमतरीच्या सोबत्यांना एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर कळलं असतं. लिहायला घेतलं की पेन थांबतं. मोडलं असं उत्तर आलं तर मी काय करू? म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं. तुमच्यापैकी कोणी गंगरेलला गेलंच, तर केंवटपाऱ्यातल्या पहिल्या घरी थांबा. बासी दिली तर खा. आणि रमशीला कुठं असते, तेवढं हळूच विचारून या. कोणी पाठवलं म्हणतील. खोट्या उपासाच्या दाईनं पाठवलं, असं सांगा.