दादांच्या बोटांची परीक्षा

ऑफिसात त्यांना सगळे दादा म्हणत. वय एक्कावन्न, डोक्यावर मोजून घ्यावेत इतके केस, आणि कोड लिहिण्याचा वेग असा की शेजारचे आपलं काम सोडून बघत राहायचे. तेवीस वर्षं दादांनी कोड लिहायला एकच एडिटर, म्हणजे एकच प्रोग्राम वापरला. काळा पडदा, त्यावर अक्षरं, बाकी काही नाही. सगळं कीबोर्डवरून. माउसला हात लावणं दादा कमीपणाचं समजत. ऑफिसात नव्याने आलेल्या कुणी माउस धरला की म्हणायचे, "इस्त्री करताय का?"

मग कंपनीने ठरवलं की एक तारखेपासून सगळ्यांनी एकच नवा एडिटर वापरायचा. दादांनी वाद घातला, दोन लांबलचक मेल लिहिल्या, आणि कुणी ऐकेना तेव्हा तोंड पाडून नवा एडिटर उघडला.

पहिल्या आठवड्यात त्यांची जी तारांबळ उडाली ती बघून वैऱ्यालाही दया आली असती. जुन्या एडिटरमध्ये सेव्ह करायचं तर एस्केप दाबायचं आणि मग कोलन, डब्ल्यू. नव्यात तसं केलं की ती दोन अक्षरं थेट कोडमध्येच उमटायची. दादांचा कोड तपासायला जिच्याकडे जायचा ती बाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. तिने एका फाइलमधून नऊ वेळा कोलन-डब्ल्यू वेचून काढलं आणि विचारलं, "दादा, हे कुठलं नवीन तंत्र?" सगळे हसले. दादाही हसले.

घरी पोचेपर्यंत मात्र त्यांचं हसू पार मावळलं. सकाळी शिकलेलं बटण दुपारी आठवत नव्हतं. शोधायची चौकट उघडायची आणि काय शोधायचं होतं तेच डोक्यातून जायचं. आणि बाबांच्या विसरण्याची सुरुवातही साधारण याच वयात झाली होती. बाबा गणिताचे मास्तर. शेवटची सहा वर्षं ते ताईकडे, म्हणजे दादांच्या मोठ्या बहिणीकडे होते, आणि त्यांना स्वतःच्या मुलांची नावंही सांगता येत नव्हती. आपलंही तेच सुरू झालं, हा विचार दादांच्या मनात शिरला तो काही केल्या हलेना. बायकोला सांगितलं नाही. डॉक्टरचा नंबर शोधून ठेवला आणि लावला नाही. खरं सांगायचं तर दादा पक्के भित्रे.

असे दोन महिने गेले. काम बरंचसं रुळावर आलं होतं, पण दादांना ते दिसेल तर शपथ. ते फक्त आपल्या चुका मोजत बसले होते.

एका रविवारी दुपारी त्यांनी काय तो निकाल लावायचं ठरवलं. घरच्या लॅपटॉपवर जुना एडिटर अजून होता. तेवीस वर्षं हातात मुरलेलं जर शाबूत असेल, तर डोकंही शाबूत आहे असं समजायचं. दादांनी चार ओळी लिहिल्या. सेव्ह करायला बोटं आपसूक गेली ती कंट्रोल-एसवर. ते तर नव्या एडिटरचं बटण! जुन्यात ते दाबलं आणि पडदा जागच्या जागी गोठला. तो सोडवायला काय दाबायचं, तेही आठवेना. दादांच्या पायांखालची जमीन सरकली. आता जुनंही गेलं. त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, मला बाबांसारखं होतंय."

ताई म्हणाली, "काय झालं ते पहिल्यापासून सांग."

दादांनी सांगितलं. ताईला कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिने नेमकं तेवढंच धरलं.

"म्हणजे बोट गेलं ते नव्या बटणावर?"

"हो."

"विचार न करता?"

"हो गं, तेच तर सांगतोय!"

"आणि हे बटण शिकलास कधी?"

"दोन महिन्यांपूर्वी."

"अरे गाढवा," ताई म्हणाली. "बाबांचं जुनं आधी गेलंच नव्हतं. तीस वर्षांपूर्वीच्या वर्गाचा हजेरीपट घडाघडा म्हणायचे. नवीन काही आत जात नव्हतं. टीव्हीचा नवा रिमोट आणला तर सहा महिने शिकवत होते मी. रोज पहिल्यापासून. तुझ्यात नवीन इतकं शिरलंय की जुन्याला त्याने बाजूला सारलं. हवं तर डॉक्टरला दाखव, पण हे बाबांसारखं नाही. मी बघितलंय."

दादांचा जीव भांड्यात पडला. एक्कावन्न वर्षांचा तो माणूस खुर्चीत बसून आधी रडला आणि मग नाक पुसत हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं.

ताई मात्र फोन ठेवत नव्हती.

"छोट्या, ते बटण काय म्हणालास?"

"कंट्रोल एस. का गं?"

"उद्या सकाळी फोन कर आणि मला विचार."

"तुला कशाला?"

"मी पण रोज घाबरते रे," ताई म्हणाली. "कुणाला सांगायचं?"

सकाळी उठल्या उठल्या दादांनी फोन लावला. ताईने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"कंट्रोल एस," ती म्हणाली.

आणि दादांनी तिला पुढचं बटण सांगितलं.