पिवळे तळहात

आमच्या टाउनशिपच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर शिकाऊ पोरांपुढे अधूनमधून मुद्दाम चुकीचं निदान सांगत. चष्मा कपाळावर चढला की डॉक्टर फसवणार, हे नर्सबाईंना ठाऊक होतं. मला नव्हतं.

माझे तळहात हळदीसारखे पिवळे झाले होते. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला आणि गंभीरपणे म्हणाले, "पीलिया है. भर्ती कर लें?" चार विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या. कावीळ म्हटल्यावर माझ्या बायकोला रडूच फुटलं.

पाचवी विद्यार्थिनी चाचरत म्हणाली, "सर, आँखें तो सफ़ेद हैं."

"मतलब मैं ग़लत हूँ?"

ती घाबरली, पण म्हणाली, "जी सर." मग तिने मला खाण्याबद्दल विचारलं. बिट्टन मार्केटची गोड गाजरं मी महिनाभर दोन्ही वेळा खात होतो. पिवळेपणा त्यांचाच होता.

डॉक्टरांनी खुशीत तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि उरलेल्यांना म्हणाले, "तुमने मरीज़ नहीं, मेरा मुँह देखा."

"अहो, आणि मी रडले त्याचं काय?" बायको कडाडली.

डॉक्टर तिला हात जोडून विद्यार्थ्यांना म्हणाले, "लिख लो. यह ग़लती असली थी."