तीन तासांवरची लेक

बसस्थानकाच्या खिडकीमागे अख्खी नोकरी काढली, म्हणून सगळी गल्ली त्यांना कंट्रोलरच म्हणायची. गाडी सुटायची वेळ आणि पोचायची वेळ सांगा, मधला हिशेब ते तोंडी करणार. वर ड्रायव्हर चहाला किती रेंगाळला तेही सांगणार.

याच हिशेबाने घात केला. लग्नानंतर लेक समुद्रापलीकडच्या नवऱ्याकडे निघाली, तेव्हा त्यांनी तिचं तिकीट नीट वाचलं. विमान सकाळी दहाला सुटणार, त्याच दिवशी दुपारी एकला पोचणार. म्हणजे तीन तास. मामाच्या गावाला याहून जास्त लागतात. मग चार वर्षं उलटली तरी पोरगी फिरकली नाही, वर फोनवर "बाबा, फार लांब पडतं हो" म्हणत राहिली, तेव्हा कंट्रोलरांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. तिचा फोन वाजला की ते अंघोळीला जात. इतका स्वच्छ माणूस गल्लीत दुसरा नाही, असं शेजारी म्हणू लागले.

जावयाने एकदा समजावून पाहिलं, की इकडची घड्याळं तुमच्या बरीच मागे असतात.

"मग दुरुस्त करून घ्या," म्हणून यांनी फोन बायकोकडे दिला.

शेवटी लेकीने दोघांची तिकिटं पाठवली. वेळा त्याच. बायको उशी, गोळ्या, लोकरीचे मोजे भरू लागली, तर तीन तासांसाठी बिऱ्हाड कशाला, म्हणून तिच्यावर खेकसले. नवे, पाय आवळणारे बूट चढवून आणि लेकीला सुनावायची चार खणखणीत वाक्यं पाठ करून ते विमानात बसले.

तीन तास झाले. खाली नुसतं पाणी. गाडी लेट आहे का, असं त्यांनी हवाईसुंदरीला विचारलं. अगदी वेळेवर आहे, ती गोड हसून म्हणाली, अजून फक्त अकरा तास. कंट्रोलरांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. जेवण आलं, गेलं, पुन्हा आलं; सूर्य मात्र खिडकीत ठाण मांडून बसलेला. पाय सुजले, बूट काढावे लागले. बायकोने पर्समधून मोजे काढून दिले.

बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले, "ती एकटीच गेली होती ना गं तेव्हा?"

"एकटीच. आणि उपाशी, विमानातलं घशाखाली उतरेना म्हणून. मी डबा बांधला होता, तुम्ही काढून ठेवायला लावलात. तीन तासांचं तर काम, म्हणालात."

त्यानंतर पाठ केलेल्या वाक्यांतलं एकही त्यांना धड आठवेना.

विमानतळाच्या दारात लेक उभी होती. बाबा आज तरी बोलतील की नाही, या धास्तीने तिचा चेहरा एवढासा झाला होता. बूट हातात आणि बायकोचे मोजे पायात, अशा थाटात कंट्रोलर लंगडत तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू नको गं येत जाऊस इतक्या लांब," ते म्हणाले. "आम्हीच येत जाऊ."

लेकीला हसावं की रडावं कळेना. मागून दोन्ही बॅगा ओढत बायको येत होती.

"आम्ही म्हणजे कोण कोण," ती म्हणाली, "ते आधी ठरवा."