निम्म्या पुड्या

सकाळी उठलं की बोटं वळायची न्हाईत. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायचा, वेणी लेकीकडून घालून घ्यायची. पेरूच्या बागेत तर रडूच यायचं. एकेका फळाला फोमची जाळी, वरनं प्लास्टिकची पिशवी, आणि हे सगळं बोटांनीच चढवायचं. बायका पाच झाडं पुढं जायच्या, मी आपली एकाच फांदीशी उभी.

बारामतीच्या डॉक्टरनं आमवात सांगितला. आठवड्यातनं एकदा गोळी, अधूनमधून रक्त तपासायचं, गुण यायला दोन-तीन महिने. तवर बाग कोण बघणार, तुझा बाप? हे मनात म्हणलं, तोंडावर न्हाय.

मग नरसिंहपूरला दर्शनाला गेले, तितं एका बाईनं पुड्या देणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. "झाडपाल्याचं हाय, बिनघोर घ्या." तिसऱ्या दिवशी माझी मूठ वळली. खरं सांगते, मूठ उघडून मिटून बघत बसले आणि ढसाढसा रडले. डॉक्टरची गोळी डब्यातच राहिली.

आता आमच्या दोघी जावांची एक रीत हाय. घरं वाटली, चुली वाटल्या, तरी जे येईल त्यातलं निम्मं भिंतीपलीकडं जायचं. माहेरचे लाडू असू देत न्हायतर बाजारातली मेथी. थोरल्या जाऊबाईंचे गुडघे धरले होते, त्यामुळं पुड्याही आपसूक निम्म्या त्यांच्याकडं. त्यांना साखर होती. पण झाडपाल्याला साखर कशाला आडवी येतीय, असं मला वाटलं.

चार महिन्यांनी माझं तोंड सुजलं, म्हणून पुन्हा बारामती गाठली. सोबतीला जाऊबाईच आल्या, बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरनं पुड्यांचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "यात स्टेरॉईड असणार. पुडी एकदम बंद करू नका, मी सांगतो तशी कमी करू. साखर असलेल्या कुणाला दिली नाही ना? फार वाढते त्यानं."

"न्हाय," मी म्हणले.

का म्हणले? भ्याले, दुसरं काय! दाराबाहेर त्या, घरी थोरले दीर, सगळी म्हणतील हिनं विष चारलं. नव्या पुड्या देणं तेवढं बंद केलं. पण त्यांच्या फडताळात महिन्याभराच्या होत्या, त्या मागायला जीभ रेटेना. एकदा दिलेलं परत मागायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

त्या पुड्या संपायच्या आत त्यांच्या टाचेला फोड आला. चप्पल लागली असंल म्हणून हळद लावली. तो काळा पडला, वर चढला, आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

माझी गोळी आता चालू हाय. बोटं बरी हायत. जखमेची पट्टी मीच बदलते, दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत न्हाईत. आल्यागेल्याला सांगतात, "हिच्या पुड्यांमुळं चार महिने तरी धड चालले मी."

परवा पाहुणे गेल्यावर माझा हात धरून म्हणल्या, "राहिलेल्या पायाचा गुडघा लई ठणकतोय गं. त्या माणसाकडनं आणखी मिळतील का बघ की."

सांगायचं होतं. तोंडही उघडलं.

"आक्का, तो माणूस आता हितं ऱ्हात न्हाय," मी म्हणले.