विचार करणारा कम्प्युटर

हिंगणघाटच्या ज्या वर्कशॉपात आम्ही कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं करायचो, तिथे एक जुने ड्राफ्ट्समन, भाऊ, माझ्या शेजारी बसत. उमर ड्रॉइंग बोर्डावर गेलेली, त्यामुळे कम्प्युटरवरही अख्खा भाग एकाच स्केचमध्ये काढायचे. मशीनच्या जाळीचं प्रत्येक भोक, प्रत्येक कोपऱ्याची गोलाई, आणि प्रत्येकाला माप. मग एक रेघ सरकवली की कम्प्युटर सगळी मापं नव्याने जुळवत बसायचा आणि पडदा गोठायचा. माझं डोकं फिरायचं. ते मात्र शांतपणे उठायचे. "त्याले विचार करू दे बाप्पा, तू काऊन घाई करून राह्यला?" असं म्हणत चहाला जायचे.

कापसाचा हंगाम तोंडावर आला, गिऱ्हाईक रोज चकरा मारू लागलं, तरी जाळी पुरी होईना. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, स्केचमध्ये एकच भोक ठेवा. बाकीची कम्प्युटरच नंतर उमटवतो. गोलाईही शेवटी द्या."

"एवढी मेहनत पुसू? माह्यानं नाई होत. तूच पूस." आणि दाराकडे तोंड करून बसले.

मी पुसलं, एका भोकावरून सगळी जाळी उमटवली आणि त्यांना हाक मारली. त्यांनी एक माप बदललं आणि सवयीने खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात जाळी बदलूनही झाली होती.

"झालं?" तसेच अर्धे उभे राहून त्यांनी पडद्याकडे संशयाने पाहिलं. "विचार तरी केला का यानं?"

मग हळूच खाली बसले. "चहा इथंच बोलाव. आता मलेच विचार करा लागते."