अल्बमचं कोरं पहिलं पान

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कासारवाडीच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "वन्सं, ह्ये गेलं," एवढंच म्हणाली. मग जणू तेच विचारायला फोन केला होता अशा आवाजात म्हणाली, "अल्बम उघडाच हाय मांडीवर... मिटू का?" मला रडू यायच्या आधी राग आला. शेवटच्या घडीलाही हा माणूस त्या पोस्टकार्डांपाशीच! कोणतं पान उघडं आहे हे मला विचारावं लागलं नाही. "राहू दे तसाच," मी म्हटलं. "मी येते."

माझा दादा, गावात सगळ्यांचा नाना. चाकणच्या पलीकडचं आमचं गाव. रानं कंपन्यांत गेली, त्यांच्या जागी शेड उठल्या आणि दादाने गाळे बांधून भाड्याने दिले. त्याच्या वयाची, त्याच्या ऐपतीची माणसं बैलगाड्यांच्या शर्यतीत आणि लग्नातल्या फेट्यांत रमली. हा मात्र रविवारी सकाळी पिशवी घेऊन पुण्याच्या जुन्या बाजारात. कशाला, तर पुतळ्यांची आणि स्मारकांची जुनी पोस्टकार्डं शोधायला. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला कुणीतरी कुणालातरी लिहिलेला मजकूर. सिंहासनावरच्या राण्या, घोड्यावरचे सेनापती, घुमट, समाध्या, कमानी. त्यातले कित्येक पुतळे आज जागेवर नाहीत. मागचा मजकूर तो वाचायचा नाही. "लोकाची पत्रं कशाला वाचायची, सुमे," म्हणायचा. वहिनी चिडवायची, "दुसऱ्यांचे नवरे बायांचे फोटो लपवत्यात, आमचे दगडांचे." दादा हसायचा. पण नवं कार्ड हाती आलं की चित्राआधी ते उलटं करून कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव बघायचा. त्याला एकच नाव हवं होतं, पुण्याच्या लष्कर भागात कधीकाळी दुकान असलेल्या एका फोटोग्राफरचं. त्या फोटोग्राफरने आमच्या वीराचं कार्ड छापलं होतं.

आमचा वीर म्हणजे वेशीबाहेरची वीरगळ. गाई सोडवताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा केलेला कोरीव दगड असतो तो. खाली गाई, मधे लढाई, वर महादेवापुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. असे दगड मावळात गावोगाव आहेत. पण वडील सांगायचे, आपला वीर निराळा. ऐन लढाईत त्याने मान मागे वळवली आहे, गाई सुखरूप घराकडे गेल्या का ते बघायला. तो आपलाच पूर्वज, असंही सांगायचे. वडील गेले तेव्हा दादा शाळेत होता, मी त्याहून लहान. मला तो दगड आठवतो, त्याच्या बुडाशी उगवणारं गवत आठवतं. वीराचं तोंड आठवत नाही. दादाला आठवायचं... निदान तो तसं म्हणायचा.

आणि कार्ड? ते आमच्या आत्याकडे होतं, आरशाच्या चौकटीत खोचलेलं. कुठल्याशा पाहुण्याने दिलेलं. दादाने ते लहानपणी पाहिलं होतं आणि त्यातही वीर मागेच बघत होता, असं तो शपथेवर सांगे. आत्याच्या घराला रंग लागला, आरसा हलला आणि कार्ड गेलं. तिथून त्याचा शोध सुरू झाला. अल्बमचं पहिलं पान त्याने त्या कार्डासाठी राखून ठेवलं. चार कोपरे चिकटवून, मधे कोरं. बाकीचे सगळे पुतळे दुसऱ्या पानापासून पुढे.

तुम्ही म्हणाल, एवढं कार्ड कशाला, दगड तर गावातच आहे ना? आहे. पण तो आता दिसत नाही, आणि त्याला कारण माझा दादाच. कंपन्यांसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा आखणी नेमकी वीरगळीवरून गेली. दादाने अर्ज केले, हेलपाटे घातले. "दगडासाठी रस्ता हलत नसतो," असं उत्तर मिळालं. मग एका सकाळी तो तेलात शेंदूर कालवून घेऊन गेला, दगडाला माथ्यापासून बुडापर्यंत फासला, पुढे नारळ फोडला आणि उदबत्ती लावून बाजूला बसला. मशीन घेऊन आलेल्या माणसांनी चपला काढल्या, हात जोडले आणि रस्ता बाजूने वळवला. आजही सरळ आलेला रस्ता तिथे उगीचच वळतो. कंपनीच्या बस तिथे हळू होतात, ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावतो. लोक त्याला वळणोबा म्हणू लागले. त्या दिवशी दादा मोठ्या ऐटीत म्हणाला होता, "बघ सुमे, सरकार मानसाला भीत न्हाई, देवाला भितंय." आम्ही पोट धरून हसलो होतो.

पण एकदा देव झाला की तो आपला राहत नाही. पुढच्या वर्षी गावाने जत्रा ठरवली. पहिला शेंदूर दादाचा, म्हणून दरसालचा मानही दादाचाच. म्हणजे दरसाल त्यानेच एक थर चढवायचा. आधी चंद्र-सूर्य बुजले, मग गाई, मग लढाई. वर चांदीचे डोळे बसले, भोवती टाइल्स आल्या. मान नाकारला तर गाव काय म्हणेल? दादा सोवळ्याने जायचा, हसतमुखाने शेंदूर लावायचा, आणि घरी येऊन हात न धुताच अल्बम काढून बसायचा. अशा वेळी वहिनी त्याला चहासुद्धा विचारायची नाही.

मग त्याला आजार झाला आणि डॉक्टरांनी आडवळणाने बोलायला सुरुवात केली. तेव्हापासून दादाचा धीर सुटला. मरणाला तो भ्यायला नाही. त्याला एकच घोर लागला होता; शेंदूर फासण्याच्या घाईत त्याने वीराचं तोंड निरखून पाहिलंच नव्हतं. वीर खरंच मागे बघतोय का? की वडिलांनी लहान पोरांना गोष्ट सांगितली आणि आपण ती जन्मभर खरी धरून बसलो? रद्दीवाल्यांना, जुन्या वस्तू विकणाऱ्यांना दिवसातून कितीदा फोन करायचा. आवाज इतका खोल गेलेला की पलीकडच्याला कळायचं नाही, मग मी फोन घेऊन तेच पुन्हा सांगायची. प्रत्येक जण म्हणायचा, बघतो. शेवटी तो काठी टेकत गावच्या बैठकीला गेला. मी सोबत होते. त्याने हात जोडले. "एकदाच शेंदूर उतरवू द्या. मला तोंड बघू द्या, मग पुन्यांदा लावा. खर्च माझा." मग देवस्थानाचा तरणा अध्यक्ष, आमच्याच भावकीतला, अगदी अदबीने म्हणाला, "नाना, देवाचं अंग सोलायचं व्हय? शेंदराचं कवच त्याचं तो उतरवतो, त्याच्या मर्जीनं. आनि देव तर तुमीच केला न्हवं?" दादाने जोडलेले हात सोडले आणि काठी उचलली. घरी येताना रिक्षात तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. मी त्याला असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही.

त्याची मुलगी मनीषा हिंजवडीला नोकरी करते. बापाची तडफड तिला बघवेना. तिने कॉम्प्युटरवर वीरगळीचं चित्र करून घेतलं, जुन्या पोस्टकार्डासारखं पिवळट, कोपरे झिजलेलं. हुबेहूब. आणून दादाच्या हातात दिलं. दादाने भिंग लावून खूप वेळ पाहिलं. "ह्यो तर म्होरं बघतोय," म्हणाला. "बाबा, तुम्ही म्हणाल तिकडे वळवून देते ना," मनीषा पटकन म्हणाली. बिचारीने फार प्रेमाने म्हटलं होतं. दादाने चित्र हळूच उशीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं... त्यानंतर चारच दिवसांत वहिनीचा तो फोन आला.

हे सगळं इथेच संपलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. पण तेरावा झाला आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, वहिनीने पुन्हा फोन केला. "वन्सं, वळणोबाचं कवच निघालं! आख्खं! लवकर या." मी होते त्या साडीवर निघाले. उन्हाने म्हणा, ट्रकांच्या हादऱ्याने म्हणा, इतक्या वर्षांचे थर आपोआप सुटले होते. चाकणच्या चौकात कांद्याच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला. रिक्षा तसूभर हलेना. मी रिक्षावाल्यावर ओरडले, समोरच्या ट्रकवर ओरडले, दादावरसुद्धा ओरडले. अजून थोडं थांबला असतास तर काय बिघडलं असतं, असं मोठ्याने म्हणाले. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

पोचले तेव्हा ओला शेंदूर चकाकत होता. चांदीचे डोळेसुद्धा पुन्हा बसले होते. देव उघडा ठेवू नये म्हणून घाई केलेली. भोवती धोतराचा आडपडदा धरला होता, पोरांनी फोन काढले तर म्हाताऱ्यांनी त्यांना दटावलं होतं, आणि निघालेलं कवच वाजतगाजत नेऊन नदीत सोडलं होतं. सगळं रीतीप्रमाणे. कुणाला दोष देऊ? पडद्याच्या आत एकटा पुजारी, बबन गुरव होता. मी त्याला बाजूला गाठलं.

"बबन, तुला दिसलं ना? वीर कुणीकडं बघतोय?"

बबनने कानाला हात लावला. "ताई, देवाला उघडं बघू का मी? डोळं मिटून केलं समदं. आंघूळ, शेंदूर, समदं."

"अरे, मग हाताला? हाताला तर लागलं असेल..."

तो आपल्या शेंदरी पंजाकडे बघत राहिला. "तोंड लागलं, ताई. नाक लागलं. पन कुनीकडं वळल्यालं... त्ये ध्यानात न्हाई आलं. म्या इचारच केला न्हाई. नाना असतं तर..." मी तिथेच पायरीवर बसले. एक कंपनीची बस वळणावर हळू झाली, ड्रायव्हरने कपाळाला हात लावला आणि ती पुढे गेली.

यंदाच्या जत्रेपासून शेंदराचा मान मनीषाच्या घरी जाईल, असं गावाने कळवलं आहे. अल्बम वहिनीने माझ्याकडे दिला. "मला त्यो घरात नगं," म्हणाली. राण्या, सेनापती, घुमट सगळे जागच्या जागी आहेत. एका संग्राहकाने विचारणा केली, मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मी अल्बम घेते आणि पहिलं पान उघडते. चार कोपरे, मधे कोरं. पण अगदी कोरं नाही ते. दरसाल मान करून आल्यावर तो न धुतल्या हाताने हे पान धरायचा. त्याच्या बोटांचे शेंदरी ठसे कडेला एकावर एक बसलेत, इतके दाट, की आता त्यातलं एकही बोट ओळखू येत नाही.