डाव्या हातातला बास

बास गिटार आमच्या घरी राहिली ती ट्रकमध्ये जागा उरली नाही म्हणून. जवाहरनगरच्या क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब होतं. त्यातल्या गृहस्थांना सगळी कॉलनी दादा म्हणायची. दादा आणि माझा नवरा फॅक्टरीत एकाच सेक्शनला. दादांची बदली जबलपूरला झाली. सामान भरताना फ्रिज, पलंग, शिलाई मशीन सगळं बसलं आणि शेवटी हा बास उरला. उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला, गाद्यांच्या मध्ये घालून पाहिला. ड्रायव्हर म्हणाला, मोडला तर मला बोलायचं नाही. नवरा खाली ट्रकची दोरी आवळत होता, म्हणून दादांनी बास आणून माझ्या हातात दिला.

"भाभी, बीच बीच में बजाते रहिए. पड़ा रहेगा तो ख़राब हो जाएगा."

"मुझे कहाँ आता है?"

"जो आए, वही बजाइए," असं म्हणून ते जिना उतरले.

आमच्या पुढच्या खोलीत दर रविवारी दुपारी चौघं जमायचे. नवरा गिटार वाजवायचा आणि गायचा, दादा बास, भंडाऱ्याच्या पोस्टात काम करणारे एक गृहस्थ ऑक्टोपॅड, आणि आंधळगावकडचे एक राईस मिलचे मालक कीबोर्ड. त्यांना आम्ही मिलवाले भाऊ म्हणतो. कॉलनीतला गणपती, कोणाचं बारसं, कोणाचा निरोप समारंभ, एवढाच त्यांचा पसारा. मी घरी शाळेच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. रविवारी माझं काम चहा आणि आलुबोंडे करण्याचं आणि आतून ऐकण्याचं.

ऐकायला गाण्यांपेक्षा वादच जास्त मिळायचे. दादा बासच्या तारा कधी बदलत नसत. नवी तार कर्कश बोलते, जुनी झाली की तिचा आवाज मुरतो, असं त्यांचं मत होतं. माझा नवरा लाकूड बघून आवाज सांगायचा, आणि त्याची स्वतःची गिटार प्लायवुडची होती. मिलवाल्या भाऊंच्या कीबोर्डात सगळ्या दुनियेचे ठेके तयार भरलेले होते. पोस्टवाल्यांना त्या ठेक्यांचा राग यायचा. "विकतचा मसाला हाये तो," ते म्हणायचे. "भाजी कोणतीबी असो, वास एकच." भाऊ हसायचे आणि मुद्दाम तोच ठेका लावायचे.

दादा गेल्यावर पहिला वाद बासवरच झाला. भाऊ म्हणाले, तारा सैल करून ठेवा, नाहीतर बासची मान वाकते. नवरा म्हणाला, सैल केल्या तर ती उलट्या बाजूनं वाकेल. पोस्टवाल्यांना तारांपेक्षा आमच्या भिंतीच्या ओलीची काळजी होती. तिघांचं बोलणं संपेना तेव्हा मी बास उचलून आतल्या खोलीत नेला.

दुपारी जेवणं आटोपली की शिकवणीची मुलं येईपर्यंत घर रिकामं असतं. त्या वेळात मी तो मांडीवर घेऊ लागले. स्पीकर लावायचं धाडस नव्हतं. पण एक दिवस बासचा कोपरा चुकून लाकडी कपाटाला टेकला आणि सगळं कपाट घुमू लागलं. तेव्हापासून मी कपाटाला पाठ लावून बसायची. तारा जाड, माझा हात लहान. करंगळी जिथे पोचायला हवी तिथे पोचत नसे. बोटांना आधी फोड आले, मग ती जागा टणक झाली आणि कणीक मळताना वेगळी लागू लागली. नवऱ्यानं गाण्याचे कॉर्ड लिहिलेले कागद होते. कॉर्डचा जो मूळ सूर, तो वाजवायचा आणि पुढचा येईपर्यंत थांबायचं, एवढं मी धरून चालले.

याचा परिणाम असा झाला की रेडिओवरची गाणी मला वेगळी ऐकू येऊ लागली. भाजी चिरता चिरता मी एकदम थांबायची. बाई गाते आहे, सनई वाजते आहे, आणि खाली कोणीतरी सावकाश चालत चाललंय. इतकी वर्षं मी हीच गाणी ऐकत होते आणि तो माणूस मला दिसला नव्हता.

एका रविवारी गाणं सुरू असताना मी आतल्या खोलीत कपाटाला टेकून त्यांच्याबरोबर वाजवत होते. पुढच्या खोलीतलं गाणं थांबलं तरी माझं थांबलं नाही. पोस्टवाले दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, हे तुमी वाजवून राहिल्या?"

मी बास बाजूला ठेवला.

"ठेवता कायले? बाहेर या. आमच्यासंगं बसा."

नवऱ्याला आनंद झाला आणि थोडं अवघडल्यासारखंही झालं. मिलवाले भाऊ मात्र तिथेच स्पष्ट बोलले. "वहिनी, तुमी बसा, मायं काही म्हणणं नाई. पन खरं सांगतो, बासची गरज नाई आपल्याले. बास माया डाव्या हातात हाये." आणि त्यांनी डाव्या हातानं कीबोर्डच्या खालच्या पट्ट्या दाबून दाखवल्या. आवाज खरोखर मोठा होता. खिडकीची काच थरथरली.

मी बसू लागले. पण मी आणि भाऊंनी एकदम वाजवलं की सगळं गढूळ व्हायचं. मी एक सूर लावायची, ते त्याच्याच शेजारी दुसरा लावायचे. नवऱ्यानं मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवलं. भाऊंना त्यात माझा बास जास्त वाटला, मला त्यांचा डावा हात, आणि नवऱ्याला फक्त आपला आवाज बेसूर झाल्याचं ऐकू आलं. "भाऊ, एका गाण्यापुरता डावा हात उचलून पाहा ना," मी म्हणाले. ते म्हणाले, "लहानपणापासून बाजाची पेटी वाजवतो वहिनी, हात रिकामा ठेवता येत नाई." पेटीवर डावा हात भाता चालवतो, तो खरोखरच कधी रिकामा नसतो. त्यामुळे मी तो विषय सोडून दिला.

त्या वर्षी दिवाळीनंतर अड्याळजवळच्या माझ्या माहेरच्या गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, आली. दिवसा बाजार, दंडारीचा नाच, आणि अंधार पडला की नाटक. नाटक सुरू व्हायच्या आधी काही गाणी करा, असं कमिटीनं माझ्या भावाला सांगितलं आणि भावानं आम्हाला. माझ्या माहेरी मी स्टेजवर उभी राहणार म्हणून मी नवीन साडी नेसले होते, मग बासचा पट्टा पदरावरून सरकतो म्हणून काकूकडून पिना मागून आणल्या. साउंडची सगळी बोलणी मिलवाल्या भाऊंनी केली, कारण साउंडवाला त्यांच्या ओळखीचा होता.

गाणी सुरू झाली. समोर बाया, माणसं, पोरं, मागे पाळणा फिरत होता. पहिलं गाणं मी घाबरून मान खाली घालून वाजवलं. दुसऱ्यात जरा सुधारले. तिसरं गाणं संथ होतं, त्यात माझं काम जास्त. मध्येच पिन निघाली म्हणून मी दोन्ही हात काढले आणि पदर सावरला. तेव्हा लक्षात आलं की आवाजात काहीच बदल झाला नाही. मी एक तार जोरात ओढली. बोटाखाली ती हलली, पण स्पीकरमधून काही आलं नाही.

गाणं संपल्यावर मी स्टेजच्या कडेला जाऊन साउंडवाल्याला खुणावलं. "अहो, माझ्या बासची लाईन गेली वाटतं."

"गेली नाई ताई. बंदच ठेवाले सांगतलं."

"कोणी?"

त्यानं मिलवाल्या भाऊंकडे बघितलं. ते पुढच्या गाण्याचा ठेका शोधत होते.

मला रडू आलं नाही, रागही लगेच आला नाही. पहिलं मनात आलं ते हे की मी इतकं घाबरून जे वाजवलं, ते फक्त मीच ऐकलं. मग मी वायर काढली, बास हातात घेतला आणि मागच्या फळीवरून खाली उतरले. तोवर पुढचं गाणं सुरू झालं होतं. नवरा डोळे मिटून गात होता, त्याला दिसलं नाही. पोस्टवाल्यांनी पाहिलं, पण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले.

बाबा तिसऱ्या रांगेत सतरंजीच्या कडेला बसले होते. आमचं धानाचं शेत तलावाच्या खालच्या अंगाला आहे, आणि कापणीचे दिवस असल्यामुळे ते थेट बांधावरून आले होते. मी त्यांच्याजवळ बसले, बास मांडीवर आडवा.

"झालं का व तुयं?" त्यांनी विचारलं.

"हो, झालं."

त्यांनी हातातला फुटाण्यांचा पुडा माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, "मले तुया बाजाचा आवाज काही समजला नाई. बाकीचे वाजत होते, तं तुया कोनता, हे पाहून राहिलो होतो."

"आवाज बंद होता बाबा."

"काहून?"

"बंद केला होता."

"मंग सांगाचं ना त्याले," ते म्हणाले आणि समोर बघू लागले.

उरलेली गाणी मी खाली बसून ऐकली. रागात होते, तरी कान उघडे होते. खरं सांगायचं तर नाचऱ्या गाण्यांत काही अडत नव्हतं. भाऊंचा डावा हात तिथे चांगला वाजत होता आणि पोरं उठून नाचत होती. पण शेवटचं संथ गाणं आलं आणि नवरा एकटा पडला. खाली एकाच जागी ढुमढुम चालली होती आणि तो त्यावर कसाबसा उभा होता. तिथे काय हवं होतं ते मला नेमकं माहीत होतं. मांडीवरच्या बासवर ते मी बोटांनी वाजवलंही. बाबांनी एकदा हाताकडे पाहिलं.

परतताना गाडीत मी बोलले नाही. नवऱ्याला वाटलं मी दमले. घरी पोचल्यावर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी बोलतो त्यांच्याशी." मी म्हणाले, "तुम्ही नका बोलू. लाईन माझी होती."

पुढच्या रविवारी भाऊ आले. मी चहा न ठेवता आधी समोर बसले.

"भाऊ, माझी लाईन तुम्ही बंद ठेवायला सांगितली?"

ते टाळाटाळ करतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "हो. सांगतली."

"कशाला?"

"तुमचं माहेर वहिनी. पहिल्यांदा स्टेजवर. गडबड झाली असती तं लोक तुमाले हसले असते."

"हसले असते तर हसले असते. मला विचारायचं होतं."

"इचारलं असतं तं तुमी नाई म्हनल्या असत्या."

"हो ना. म्हणूनच विचारायचं होतं."

पोस्टवाले ऑक्टोपॅडची वायर गुंडाळत राहिले. भाऊ थोड्या वेळानं उठले. "मिलवर काम हाये," म्हणाले. काम खरंच होतं, धान येऊ लागलं होतं आणि त्या दिवसांत मिल थांबत नाही. पण ते फक्त कामासाठी गेले नाहीत, हे सगळ्यांना कळलं. त्यांचा कीबोर्ड आमच्या खोलीतच राहिला, वर टॉवेल टाकलेला.

नंतरचे कितीतरी रविवार आम्ही तिघंच वाजवत होतो. सुरुवातीला सगळं उघडं वाटायचं. माझी चूक झाली की ती लपायला जागाच नसे. नवरा म्हणाला, गाताना खाली धरायला काहीतरी मिळतं आता. पण वरचं भरणारं कोणी नव्हतं. ज्या गाण्यांत बासरी किंवा व्हायोलिन हवं, ती गाणी आम्ही सोडून देऊ लागलो. मला भाऊंची आठवण यायची आणि ती येते याचा राग यायचा.

उन्हाळ्यात दादा नागपूरला एका लग्नाला आले आणि बास न्यायला आमच्याकडे आले. त्यांनी आधी मला वाजवायला सांगितलं. मी वाजवलं. ते म्हणाले, "हाथ अच्छा है, लेकिन आप डर के दबाती हैं." मग त्यांनी स्वतः घेतला आणि तीच ओळ अर्ध्या जोरानं वाजवली. आवाज माझ्यापेक्षा मोठा आला. जाताना त्यांना संकोच वाटत होता, मलाही. त्यांची वस्तू, ती त्यांनी नेली.

बास गेल्याचं पोस्टवाल्यांनी भाऊंना सांगितलं असणार. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, माझ्याच मोबाईलवर.

"वहिनी, उद्या नागपूरले जाऊन राहिलो मिलच्या पार्टसाठी. सीताबर्डीले वाजाचे दुकानं हाये. बास पाहाले येता का? दोघंबी या."

नवऱ्याची ड्युटी होती. मी पोस्टवाल्यांच्या बायकोला बरोबर घेतलं आणि गेले. गाडीत भाऊ रस्त्याबद्दल बोलले, धानाच्या ओलीबद्दल बोलले, मंडईबद्दल काही बोलले नाहीत. दुकानात शिरले मात्र, आणि ते पुन्हा नेहमीचे भाऊ झाले. पाच तारांचा घ्या, खाली जास्त जाता येते. बॅटरीवाला घ्या, आवाज साफ येते. काळा घ्या, स्टेजवर शोभते. दुकानदार एकेक काढून देत होता आणि मी एकेक मांडीवर घेऊन परत देत होते. कोपऱ्यात एक आखूड मानेचा लटकत होता. तो घेतला आणि माझी करंगळी पोचली.

"हा नोका घेऊ," भाऊ म्हणाले. "हा लहान लेकरायचा दिसते. आवाजाले दम नसते याच्या."

"भाऊ, वाजवायचा कोणाला आहे?"

दुकानदारानं तो स्पीकरला लावून दिला. मी ते संथ गाणं वाजवायला घेतलं, दादांनी दाखवलं तसं, न घाबरता, अर्ध्या जोरानं. भाऊ शेजारी मांडलेल्या एका कीबोर्डपाशी गेले आणि उजव्या हातानं त्यावर व्हायोलिनचा आवाज वाजवू लागले. डावा हात त्यांनी पाठीमागे धरला होता, शर्टाचं टोक मुठीत घट्ट पकडून. बघायला ते इतकं अवघड होतं की पोस्टवाल्यांची बायको तोंड फिरवून हसली. पण गाणं पार पडलं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मंडईत मायं चुकलं वहिनी." मी "हं" म्हणाले. मग आम्ही समोरच्या गाडीवर तर्रीपोहे खाल्ले.

आता आमचा सराव बऱ्याचदा त्यांच्या मिलमध्ये असतो, कारण कॉलनीत दहावीच्या मुलांचे आईवडील तक्रार करू लागले. हंगाम नसला की मिलचा मोठा हॉल रिकामा असतो. कोंड्याची धूळ वायरींवर बसते आणि पोस्टवाले ती पुसत राहतात. भाऊंचा हात अजूनही मध्येच खाली उतरतो. मी वाजवता वाजवता "भाऊ" म्हणते, की ते तो उचलतात. नाचऱ्या गाण्यांत मीच त्यांना वाजवू देते आणि थांबते. परवा त्यांनी माझ्यासाठी नव्या तारा आणल्या. मी म्हणाले, जुन्याच बऱ्या आहेत. त्यावरून पुन्हा वाद सुरू झाला. नवरा त्यांच्या बाजूनं, पोस्टवाले माझ्या, आणि त्या दुपारी आमचं एकही गाणं झालं नाही.